मागच्या चाकांची चाकोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले, मराठ्यांच्या दक्षिणेतील इतिहासावरही झाले. आमच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने अगदीच तेलकट हातांचा आहे. एका जुन्या मोटारगाडीची मागची चाके सरळ कशी करावीत, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. परंतु ती गाडी मंडळाला परकी नाही. पन्नास वर्षांपूर्वी मंडळाचा पहिला गणपती ज्या स्टँडर्ड हेरल्ड गाडीतून आला, तीच ही १९६७ सालची गाडी. यंदाची मूर्तीही तिच्यातूनच यावी अशी कार्यकारिणीची इच्छा होती आणि ती जबाबदारी आम्हां तिघांवर सोपविण्यात आली. त्या निमित्ताने आमचे जे चुकले आणि आम्ही जे शिकलो, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

गाडीचे मूळ मालक, आपल्या संस्थापकांपैकी एक, आता हयात नाहीत. गाडी काकूंकडे आहे. वापरात आणण्यापूर्वी तिची सांगाडी खरवडून रंगवून घेतली होती, मागची कमान बसली होती म्हणून ती चढवून घेतली होती, आणि गाडी पुन्हा दिमाखाने उभी राहिली होती. दोष एकच होता. सरळ रस्त्यावर जाताना स्टिअरिंगचे चाक किंचित डावीकडे धरावे लागे. आम्ही ती व्हील अलाइनमेंट करणाऱ्या एका दुकानात नेली. त्यांनी पुढची चाके मोजली, जुळविली, आणि स्टिअरिंग मध्यावर आणून दिले. आमचे समाधान झाले. मागच्या बाकावर बसलेल्या काकू मात्र म्हणाल्या, "अहो, ही अजून तिरकीच चालते आहे. ह्यांच्या वेळी अशी चालत नव्हती." आम्ही हसून विषय सोडून दिला.

गणेशचतुर्थीला महिना होता. संध्याकाळची सर नुकतीच पडून गेली होती. शहराबाहेरच्या एका उजव्या वळणावर, ताशी पंचेचाळीसच्या आसपास वेग असताना, समोर गुरे दिसली म्हणून चालविणाऱ्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला. त्याच क्षणी गाडीचा मागचा भाग डावीकडे सरकला, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि ज्या दिशेने आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मागे काकूंची दोन नातवंडे बसली होती. कोणाला खरचटलेही नाही. समोरून एखादी बस येत नव्हती, एवढेच आमचे भाग्य. मूर्ती मांडीवर घेऊन बसणारा मनुष्य याच गाडीत बसणार होता, हा विचार त्या रात्री आम्हांला झोप येऊ देईना.

आता थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. गाडी पुढची चाके वळवितात, म्हणून गाडीची दिशा पुढची चाके ठरवितात असा आपला सर्वांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पुढची चाके वळणाची दिशा देतात. परंतु गाडीचा सरळपणा मागची चाके ठरवितात. मागची दोन्ही चाके जर गाडीच्या मध्यरेषेशी थोडा कोन करून उभी असतील, तर गाडीचा मागचा भाग त्या कोनाने ढकलला जातो आणि सरळ जाण्यासाठी पुढच्या चाकांना तितकेच वाकडे व्हावे लागते. गाडी रस्त्याने सरळ जाते, पण अंग तिरके ठेवून जाते. चिखलातल्या वाटेवर बैलगाडीच्या मागून दुसरी बैलगाडी त्याच चाकोरीतून जाते, तसे मागच्या चाकांनी पुढच्या चाकांच्या चाकोरीतून जायला हवे. तिरक्या गाडीला दोनऐवजी चार चाकोऱ्या पडतात. दुकानदाराने पुढची चाके जुळवून स्टिअरिंग मध्यावर आणले, तेव्हा तिरकेपणा गेला नव्हता, फक्त तो ओळखण्याची खूण पुसली गेली होती. काकूंना ती खूण मागच्या बाकावर जाणवत होती.

हेरल्डच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक का, हे कळण्यासाठी तिची रचना पाहिली पाहिजे. ही गाडी इंग्लंडमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेरल्ड म्हणून बाजारात आली. तिची आकृती इटालियन रेखनकार जोव्हान्नी मिकेलॉत्ती यांची. १९६१ पासून ती आपल्याच शहरात, तेव्हाच्या मद्रासमध्ये, स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली. अँबेसेडर किंवा एके काळची मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची पद्मिनी यांची मागची दोन चाके एकाच अखंड आसाला जोडलेली असतात. दोन टोकांना दोन कमानी असतात. हेरल्डचे तसे नाही. तिच्यात डिफरन्शियलचा गोळा सांगाडीला पक्का बसविलेला आहे आणि त्याच्या माथ्यावर एकच आडवी कमान आहे. गोळ्यापासून दोन बाजूंना दोन अर्धे आस निघतात आणि आतल्या सांध्यापाशी पंखासारखे वरखाली हलतात. चाकाने पुढेमागे सरकू नये म्हणून प्रत्येक चाकापासून सांगाडीपर्यंत एक दांडा जातो. त्याला रेडियस आर्म म्हणतात. त्याच्या टोकांना रबरी बुश असतात, आणि सांगाडीवरील ब्रॅकेटखाली लोखंडी पातळ पट्ट्या घातलेल्या असतात. त्यांना शिम म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री नुसते 'पॅकिंग' म्हणतात. मागच्या चाकाची दिशा बदलण्याची सोय या पट्ट्यांत आहे.

पंखासारख्या हलणाऱ्या या आसाचा एक गुण आणि एक अवगुण आहे. खड्ड्यात एक चाक गेले तर दुसऱ्याला धक्का बसत नाही, हा गुण. परंतु चाक वरखाली होताना त्याचा झुकावही बदलतो. गाडी मागून उंच झाली की चाकांचे माथे बाहेर आणि तळ आत जातात. अशा स्थितीत वळणावर पाय काढला की मागचे वजन हलके होते, गाडीचे ढुंगण आणखी वर येते, बाहेरच्या बाजूचे चाक पोटाखाली दुमडल्यासारखे होते आणि पकड सुटते. हा दोष एकट्या हेरल्डचा नव्हे. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीच्या अशाच मागच्या आसावर राल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात कठोर टीका केली. ट्रायम्फनेही पुढे उपाय केले. १९६८ मध्ये व्हिटेस आणि जीटी-६ या गाड्यांना मागे खालून आणखी एक आधार दिला. १९७० च्या स्पिटफायरमध्ये कमानीचा एकच पाटा गोळ्याला घट्ट ठेवून बाकीचे पाटे मोकळे डुलतील अशी योजना केली. आपल्याकडे स्टँडर्ड कंपनीने १९७२ मध्ये गॅझेल काढली, तेव्हा ही रचनाच सोडून अखंड आस घेतला. म्हणजे हेरल्ड वाईट गाडी होती असे नव्हे. तिची मागची बाजू नीट राखली पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

आता आमच्या गाडीत काय आढळले ते सांगतो. आमच्यापैकी एक जण रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी शेजारच्या गल्लीतील एका वृद्ध तमिळ मिस्त्रींना बोलावले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. थोरल्या भावाला अण्णा म्हणण्याची रीत त्यांच्याही भाषेत आहे आणि आपल्याही, त्यामुळे परकेपणा पहिल्याच हाकेत गेला. अण्णांनी स्टिअरिंगला हातही लावला नाही. ते गाडीच्या मागे दहा पावलांवर उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "मागून उंच आहे. आणि डावे चाक उजव्यासारखे उभे नाही."

मोजल्यावर तीन गोष्टी निघाल्या. पहिली, डाव्या रेडियस आर्मचे रबरी बुश पिचलेले होते. पहारीने रेटले तर चाक पुढेमागे हलत होते. दुसरी, कमान प्रमाणाबाहेर चढविल्यामुळे गाडी मागून उंच झाली होती. आम्ही ज्याला दिमाख म्हणत होतो, तोच दोष होता. तिसरी गोष्ट सर्वांत शिकविणारी. सांगाडी रंगवताना दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कोणीतरी एकाच डब्यात टाकल्या असाव्यात आणि परत बसविताना त्या जवळजवळ सगळ्या डावीकडे लागल्या होत्या. त्यामुळे डावे चाक मागे सरकून त्याचे तोंड ४ मिलिमीटर बाहेर, आणि उजवे पुढे येऊन त्याचे तोंड ४ मिलिमीटर आत वळले होते. मध्यंतरी दुसऱ्या एका ठिकाणी मागची चाके मोजून घेतली होती, पण त्यांनी दोन चाकांमधले पुढचे अंतर आणि मागचे अंतर एवढेच ताडून पाहिले होते. दोन्ही अंतरे सारखी भरली. भरणारच. एक बाहेर चार, एक आत चार, बेरीज शून्य. दोन चुकांची बेरीज बिनचूक आली आणि आम्ही निश्चिंत झालो. टायरही फारसे झिजले नव्हते, कारण दोन्ही चाके एकमेकांशी समांतर होती. वाकडी होती ती गाडीच्या मध्यरेषेशी. ३५ सेंटिमीटरच्या कडेवर ४ मिलिमीटर ही गोष्ट क्षुल्लक वाटते; परंतु हेरल्डच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ९१.५ इंच, म्हणजे सुमारे २ मीटर ३२ सेंटिमीटर आहे. तेवढ्या लांबीत तोच कोन चाकोरीत सुमारे २६ मिलिमीटरचा फरक पाडतो.

गाडी फिरली ती एकट्या या तिरकेपणाने नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर आला. पाय काढताच इंजिनने चाके मागे ओढली. पिचलेल्या बुशातून डावे चाक आणखी बाहेर तोंड करून गेले. आणि उंच कमानीने उरलेली पकड घालविली. तिरकेपणाने केले ते इतकेच की आम्हांला वेळेवर सूचना मिळाली होती आणि आम्ही ती स्टिअरिंग सरळ करून मिटवून टाकली.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ढिलेपणा, मग उंची, शेवटी दिशा. ढिले चाक मोजण्यात अर्थ नाही, कारण आजचे माप उद्याचे नसते. म्हणून दोन्ही दांड्यांचे बुश नवे घातले, आसाच्या सांध्यातला व बेअरिंगमधला खेळ तपासला. मग कमान उतरवून तिचा बाक कमी करून घेतला. त्यानंतर सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारही टायरांत योग्य हवा भरली आणि पुढच्या आसनांवर माणसांच्या वजनाची तांदळाची पोती ठेवली. इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हेरल्ड जॅकवरून खाली उतरविली की मागची चाके लगेच आपल्या जागी येत नाहीत. तळ आत ओढून अवघडल्यासारखी उभी राहतात. गाडी काही मीटर पुढेमागे ढकलावी, मागून दोनचार वेळा दाबून सोडावी, मगच मोजावे.

मोजणी आम्ही दोरीने केली. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर एकेक दोरी ताणली. डावी-उजवीकडे दोरीचे अंतर पुढच्या चाकांच्या मध्यापासून सारखे केले, तसेच मागच्या चाकांच्या मध्यापासून सारखे केले. मग दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेशी समांतर झाल्या. प्रत्येक मागच्या चाकाच्या लोखंडी कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला मोजले. पुढचे अंतर जास्त असेल तर चाकाचे तोंड आत आहे, त्याला टो-इन म्हणतात; कमी असेल तर बाहेर आहे, ते टो-आउट. कडाच वाकडी असेल तर माप फसवते, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे आणि सरासरी धरावी. या मोजणीत दोन चाकांची बेरीज लागत नाही. डाव्याचा हिशेब डाव्याचा, उजव्याचा उजव्याचा, आणि दोघांचाही मध्यरेषेशी.

नियम साधा आहे. चाक दांड्याबरोबर पुढे आले की त्याचे तोंड आत वळते, मागे गेले की बाहेर वळते. ब्रॅकेटखालची एक पट्टी बदलून किती फरक पडतो हे त्याच गाडीवर पाहावे आणि पुढचे काम त्या अंदाजाने करावे. डाव्या बाजूच्या पट्ट्या काढून उजवीकडे घालीत, दर वेळी गाडी ढकलून आणि पुन्हा मोजून, आम्ही दोन्ही चाके किंचित आत, प्रत्येकी १ मिलिमीटरच्या आसपास, आणून ठेवली. बाहेर मात्र कधीही ठेवू नयेत. दांड्याचे बोल्ट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी असतानाच. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हे सगळे झाल्यावरच पुढच्या चाकांची जुळणी करून घेतली.

आपणांपैकी अनेकांच्या घरी अँबेसेडर होती, कोणाकडे अजून असेल. १९५८ च्या सुमारास सुरू झालेली ती गाडी २०१४ पर्यंत कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यात तयार होत होती. तिच्यात पट्ट्या घालून चाक वळविण्याची सोय नाही, आणि गरजही नाही. तिथे अखंड आस आपल्या जागी परत आणणे हाच उपाय. कमानीच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून आसापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. फरक आढळला तर कमानीचा मधला बोल्ट तुटला आहे का, यू-बोल्ट ढिले झाले आहेत का, डोळ्यातले बुश झिजले आहे का, मुख्य पाटा मोडला आहे का, हे पाहावे. आसाचे एक टोक १० मिलिमीटर मागे सरकले तर अशा गाडीची चाकोरी १८ मिलिमीटरच्या आसपास ढळते. आणि दोन चाकांची बेरीजच चुकली असेल, तर हानी टायरांची होते. ३५ सेंटिमीटरच्या कडेवर ३ मिलिमीटर वाकडे असलेले चाक सरळ ओढले गेले, तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेआठ मीटर आडवे घासते. दुचाकीच्या साखळीपासून बैलगाडीच्या आसापर्यंत सर्वत्र हाच न्याय आहे.

शेवटची परीक्षा अण्णांनी घेतली. इमारतीच्या फाटकापाशी त्यांनी दोन बादल्या पाणी ओतले आणि गाडी त्यातून सरळ पुढे नेण्यास सांगितले. कोरड्या फरशीवर ओल्या टायरांच्या खुणा उमटल्या. ते वाकून पाहू लागले, आम्हीही पाहू लागलो. चार चाकांच्या दोनच रेघा होत्या. काकू गॅलरीतून बघत होत्या. त्यांना आम्ही एक फेरी मारून आणले. मागच्या बाकावर बसून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. परत आल्यावर एवढेच म्हणाल्या, "आता ह्यांच्या वेळेसारखी चालते आहे."

यंदाची मूर्ती त्या गाडीतूनच आली, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. मांडीवर मूर्ती घेऊन बसलेल्यांना आम्ही आधी सगळे सांगून टाकले होते, आणि तरीही ते बसले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

या कामातून आम्ही जे शिकलो ते कारखान्याबाहेरही उपयोगी पडेल असे वाटते. पुढे काही वाकडे दिसले तर पुढचेच सरळ करण्याचा मोह आवरावा आणि आधी मागे जाऊन पाहावे. बेरीज बरोबर आली म्हणून प्रत्येक आकडा बरोबर असतोच असे नाही. आणि मागच्या बाकावरून कोणी काही सांगत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये. आपल्या मंडळाच्या गाडीतही मागच्या बाकावर पन्नास वर्षांची जाणती माणसे बसलेली आहेत. ती जेव्हा म्हणतील की गाडी तिरकी चालते आहे, तेव्हा खाली उतरून, दोरी लावून मोजून पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.